सोमवारचं मटण

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली माझ्या खिशात होती, आणि गठ्ठा मात्र नव्हता.

मी लोखंडी फळीवर दोनदा हात फिरवला. हाताला धूळ लागली. एकतीस रोग्यांचे केसपेपर, खाकी कागदात बांधलेले, वर इस्पितळाच्या लाखेचं सील. मंगळवारी दुपारी मी ते स्वतः सही करून घेतले होते आणि स्वतः या फळीवर ठेवले होते. आज गुरुवार, एक सप्टेंबर एकोणीसशे त्र्याऐंशी. अकरा वाजता समिती बसणार होती आणि सगळ्यांसमोर सील फोडलं जाणार होतं.

मी अंबादास वाहुळे, विधिमंडळाचा लघुलेखक. लोक बोलतात, मी लिहितो. बावीस वर्षांत माझं मत कोणी विचारलं नाही आणि मीही ते कोणाच्या गळ्यात मारलं नाही. पण या प्रकरणात मला मत होतं, आणि ते गिळून बसलो होतो म्हणून स्वतःचाच राग येत होता.

प्रकरण असं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत गटारीचं मटण खाऊन एकतीस माणसं आजारी पडली आणि चार मेली. वस्तीच्या तोंडावरच सरकारचं ‘स्वस्त मांस केंद्र’. गिरण्यांच्या संपात होरपळलेल्या घरांना स्वस्तात मटण मिळावं म्हणून मंत्र्यांनी फीत कापून ते उघडलं होतं, फोटो काढले होते. माणसं मेली तसा सभागृहात गदारोळ झाला. मंत्री उठले आणि त्यांनी एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. गटारी आठ ऑगस्टला, आठला सोमवार, आणि सोमवारी केंद्र बंद असतं. मग मटण आलं कुठून? त्याच गल्लीत धोंडू कोथमिरे या खाटकाचं दुकान आहे, ते सोमवारी उघडं होतं. सरकारने तत्परतेने त्याला अटक केली आहे. बाकं वाजली.

विरोधकांना थंड करायला सभागृहाची समिती नेमली आणि त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस अध्यक्ष केला, मुलुंडचे चंद्रप्रकाश बेंडे. बसायला जागा दिली ती घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या सरकारी दवाखान्यात. आरोग्याची चौकशी मेलेल्या दवाखान्यात भरवायची अक्कल सरकारलाच सुचू जाणे.

त्या दवाखान्याच्या पायरीवर रोज एक बाई येऊन बसायची. धोंडूची बायको, मालन. मी कपाट बंद करून बाहेर आलो तेव्हाही ती होतीच.

“साहेब, आज ते कागद उघडणार ना? त्यात खरं काय ते निघंल ना?”

सोमवारी समिती अहवालावर सह्या करणार होती. त्या सह्या झाल्या की धोंडूवर चार माणसं मारल्याचा खटला उभा राहणार होता.

“मालनबाई, कागद गेले,” मी म्हणालो.

ती रडली नाही. लगेच म्हणाली, “म्हंजे कागदात आमचं खरं होतं.”

तीन इयत्ता शिकलेल्या बाईला जे एका क्षणात कळलं, ते मला समितीच्या सदस्यांना समजावून सांगावं लागणार होतं.

२

कपाटाला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक अध्यक्षांकडे. आता माझा गाढवपणा सांगतो. बुधवारी दुपारी चारला, बैठक संपल्यावर, मी किल्लीसकट पिशवी खुर्चीला अडकवून चहाला गेलो होतो. पंधरा मिनिटं. तेव्हा हॉलमध्ये दोघं होती. आरोग्य खात्याच्या डॉ. मृणालिनी दाबके आणि मांस केंद्राचा व्यवस्थापक दादू शेवाळे.

बेंडेंना मी सगळं सांगितलं तेव्हा ते खवळले. टेबलावर मूठ आपटली. बाहेर पत्रकार होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “सरकारने पुरावा पळवला!” मग दार लावून मला हळूच म्हणाले, “अंबादास, किल्ली सांभाळायचं काम तुझं होतं. मी तुला सांभाळून घेईन. तू शांत राहा.”

माणूस मोठ्या मनाचा, असं मला वाटलं. तसं आदल्या दिवशीही वाटलं होतं. बुधवारी रुक्मिणी परब या विधवेची साक्ष झाली, तेव्हा बेंडेंचा आवाज भरून आला होता. “बाई, पहाटे साडेचारला तुमच्या मालकांना हातगाडीवर घालून इस्पितळात आणलं, त्या वेळचं दुःख मी समजू शकतो,” असं ते म्हणाले आणि हॉलमध्ये दोघातिघांनी डोळे पुसले होते. इतका हळवा अध्यक्ष मी पाहिला नव्हता. बैठक संपल्यावर त्यांनी मला ते वाक्य टंकलिखित प्रतीतून वगळायला सांगितलं. “भाषणासारखं वाटतं रे,” म्हणाले. त्यांचा साधेपणाही मला आवडला.

तर संशयित दोघं. मी आधी डॉक्टरांकडे गेलो.

डॉ. दाबके बाई पन्नाशीच्या, नाकासमोर चालणाऱ्या. समितीपुढचा गोषवारा त्यांनीच तयार केला होता आणि सरकारचं सगळं म्हणणं त्या एका पानावर उभं होतं. नाव, वय, पत्ता, काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी दाखल. एकतीसच्या एकतीस ओळींत शेवटच्या दोन रकान्यांत एकच तारीख. खाल्लं आठ ऑगस्ट. दाखल आठ ऑगस्ट.

“बाई, तुम्ही केसपेपर पाहिले होते?”

“नाही हो. ते इस्पितळाने थेट समितीकडे पाठवले. मला घरोघर फिरलेल्या आरोग्यसेविकांचे तक्ते आले, त्यावरून मी गोषवारा केला. तक्त्यात वेळा नसतात, फक्त तारखा.”

“आणि इस्पितळाच्या रजिस्टरात?”

“ते वर मागवून घेतलंय म्हणे.” त्यांनी चष्मा काढला. “वाहुळे, मी चोरी केली असं तुम्हाला वाटतं का? मला त्या गठ्ठ्यात काय आहे हेसुद्धा माहीत नाही.”

“‘कधी खाल्लं’ या रकान्यात सेविकांनी आठ तारीख लिहिली होती?”

“सेविकांनी लिहिलं होतं ‘गटारीला’. सगळ्याच घरांत तेच उत्तर. तारीख मी घातली. आमच्या घरात कोणी खात नाही, त्यामुळे मी कॅलेंडर पाहिलं. आषाढी अमावस्या, सोमवार, आठ. त्यात काही चुकलं का?”

मला त्यात काहीही चूक दिसली नाही. मी त्याच सोमवारी, त्याच धोंडूच्या दुकानातलं मटण खाल्लं होतं. मी, माझी बायको कमल आणि दोन्ही मुलं. आम्हा चौघांना साधी ढेकरही आंबट आली नाही. हेच ते माझं गिळलेलं मत. सरकारी नोकर साक्ष द्यायला उभा राहिला की नोकरीवर बोळा फिरतो, म्हणून तीन आठवडे मी तोंड शिवून बसलो होतो.

३

दादू शेवाळे केंद्रातच भेटला. पांढऱ्या टाइल्स, मंत्र्यांचा फोटो, पुढच्या दारावर सरकारी सील. मागच्या बाजूच्या खोलीत तो खुर्ची टाकून बसला होता.

“मला कशाला विचारता? सोमवारी केंद्र बंद होतं. सगळ्या गावाला माहितीये. ही बघा पाटी. ‘दर सोमवारी बंद.’ माझा काय संबंध?”

“मी गठ्ठ्याचं विचारतोय. बुधवारी चार वाजता तू हॉलमध्ये होतास.”

“होतो. डॉक्टरीणबाईपण होत्या. त्या तिथं असताना मी कपाट उघडीन? येडा समजता काय मला?”

“सोमवारी इथे कोणीच नव्हतं?”

“कोणी म्हणजे कोणी नाही. मेकॅनिक सोडून.”

बोलून गेला आणि त्याची मान आखडली.

“कसला मेकॅनिक?”

“असाच. थंड खोलीचा. नेहमीची तपासणी.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीच्या दिवशीच करतात ना यार! चालू दिवशी गिऱ्हाईक असतं. रविवारी तर इथं उभं राहायला जागा नव्हती.” तो उठलाच. “जा तुम्ही. मला वरून सांगितलंय, समितीच्या बाहेर कोणाशी बोलायचं नाही.”

बाहेर पडलो आणि समोर धोंडूचं बंद दुकान. फळीवर मालन बसलेली.

“मालनबाई, गटारीला धंदा कसा झाला होता?”

“रविवारी नऊ बोकडं कापली. केंद्रावर रांग होती तरी आमचीबी खपली. सोमवारी एकच कापलं, तेबी सांजच्यापर्यंत लटकत व्हतं. तुमच्या कमलताई आल्या तवा मागचा पाय तसाच व्हता.” ती कपाळावर हात मारून म्हणाली, “एक बोकड, साहेब. एवढ्या घरांत पुरंल का ते?”

मी चालता चालता थांबलो. गटारीचा दिवस, आणि खाटकाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही? असं कसं होईल?

४

रुक्मिणी परब डोंगराच्या वरच्या अंगाला राहायची. नवरा गुणाजी गिरणीत जॉबर होता, संपानंतर पेठेत हमाली करत होता. गटारीनंतरच्या दिवसात तो गेला. ती स्वतःही तीन दिवस इस्पितळात होती. तिने साक्षीत स्पष्ट सांगितलं होतं की मटण केंद्रातून आणलं. सरकारी वकील हसून म्हणाला होता, बाई, केंद्र बंद होतं, भरपाईसाठी खोटं बोलू नका. त्या हसण्याची खूण तिच्या चेहऱ्यावर अजून होती.

“परत कित्याक इलास?” ती दारातूनच म्हणाली. “माका खोटी ठरवलास, आता काय होया?”

“रुक्मिणीताई, मी फक्त लिहून घेणारा. एक विचारायचंय. सोमवारी केंद्राला कुलूप होतं. मग तुम्ही मटण आणलंत कसं?”

“सोमवारी?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिच्या देव्हाऱ्यावर चप्पल ठेवली.

“सोमवारी आमच्यात मटान? काय बोलतास काय तुमी? सोमवारी आमच्या घरात अंडा पन फुटना नाय! शंकराचो वार तो.”

“पण गटारी तर सोमवारी होती.”

“अवस सोमवारी इली म्हणून कोण सोमवार मोडता काय? ह्या वर्षी आमी गटारी आयतवारीच केली. अख्ख्या वाडीन केली. परबांनी, सावंतांनी, राण्यांनी, सगळ्यांनी. आयतवारी सकाळी केंद्रात रांगेत उभी रवलंय आणि मटान हाडलंय. रात्री सगळी वकूक लागली.”

आयतवार म्हणजे रविवार, सात तारीख, आणि उलट्याही त्याच रात्री. मी तिच्या उंबऱ्यावरच बसलो. आमच्या घरात वार पाळत नाहीत. बाबासाहेबांच्या मागे गेलो तेव्हा वार, उपास, नवस सगळं मागे टाकलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या अभिमानापायी माझ्या डोक्यात हे आलंच नाही की डोंगरावरच्या तीन हिश्शांतले दोन हिस्से वस्ती सोमवारी मटणाला शिवत नाही. डॉक्टरीणबाईंना मटणच माहीत नाही, मला सोमवार माहीत नाही. आम्हा दोघांच्या मध्ये धोंडू सापडला.

“हे तुम्ही साक्षीत का नाही सांगितलंत?”

“सांगूक दिलास खंय?”

ती खरंच बोलत होती का? मी पिशवीतून टिपणवही काढली.

“अजून एक. गुणाजींना इस्पितळात कोणी नेलं? किती वाजता?”

“माका काय ठाऊक? मी न्हाणीत पडललंय. शेजारच्या सुताराने हातगाडयेर घालून न्हेल्यान. तो दुसऱ्याच दिवशी गावाक गेलो, अजून इलो नाय. येळ कोणाक ठाऊक, त्या कागदाक ठाऊक.”

माझ्या हातातली वही तशीच राहिली. वेळ फक्त त्या कागदाला ठाऊक. मग पहाटे साडेचार हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं?

५

लघुलेखकाची वही आणि टंकलिखित प्रत यांत फरक असतो. प्रतीत शहाणी माणसं शहाण्यासारखी बोलतात. वहीत खोकणं, अडखळणं, मध्येच तोडणं सगळं असतं. अध्यक्षांनी वगळायला सांगितलं ते प्रतीत जात नाही, पण वहीत राहतं. शुक्रवारी दुपारी मी दवाखान्याच्या रिकाम्या हॉलमध्ये बसून बुधवारची वही ओळीने वाचली.

रुक्मिणी परब: आमची गटारी म्हणजे—

अध्यक्ष: गटारी कधी असते ते समितीला ठाऊक आहे. पुढे बोला.

रुक्मिणी परब: त्या दिवशी सकाळी रांगेत—

अध्यक्ष: बाई, मुद्द्यावर या.

रुक्मिणी परब: पण वार—

अध्यक्ष: वेळ थोडा आहे.

तीन वेळा. बेंडे मुलुंडचे खरे, पण मूळचे राजापूरकडचे. गेल्याच सोमवारी त्यांनी समितीच्या जेवणात स्वतःसाठी साबुदाण्याची खिचडी मागवली होती. या हॉलमध्ये कोकणातल्या सोमवारचा अर्थ कळणारा एकच माणूस होता आणि तोच तिला बोलू देत नव्हता.

आणि मग ते हळवं वाक्य. पहाटे साडेचार, हातगाडी. केसपेपर सीलबंद होते. बाईला वेळ माहीत नाही. सुतार गावी. गोषवाऱ्यात तास नाही, नुसती तारीख, दाखल आठ ऑगस्ट. आठ ऑगस्टला पहाटे साडेचारला इस्पितळात आलेला माणूस आठ ऑगस्टच्या दिवसाचं मटण कसं खाईल? ते मटण तेव्हा बोकड म्हणून उभं होतं! हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं, पहाट म्हणजे नऊ तारखेची. माझ्या हाताने लिहूनही मला तेच वाटलं.

डॉक्टर आणि दादू दोघांवरचा संशय माझ्या चहाच्या पंधरा मिनिटांवर होता. बुधवारी चार वाजता. पण ते वाक्य बुधवारी बारा वाजता उच्चारलं गेलं. म्हणजे सील माझ्या चहाच्या आधीच फुटलं होतं. मंगळवार दुपार ते बुधवार सकाळ, कपाटाची एक किल्ली माझ्याकडे होती आणि दुसरी अध्यक्षांकडे. मी फोडलं नाही.

आणि पुढाऱ्याने स्वतःचं डोळे ओले करणारं वाक्य कधी वगळायला सांगितलंय? बावीस वर्षांत एकदाही नाही. मला त्यात साधेपणा दिसला. कुंपण शेत खात होतं आणि मी कुंपणाला नमस्कार करत होतो.

६

रविवारी सकाळी मी मुलुंडला बेंडेंच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, एक एक करून. माझं संपल्यावर त्यांनी पेपर घडी घालून ठेवला.

“बस. चहा घेणार?”

“नको साहेब.”

“हुशार आहेस रे. बावीस वर्षं फुकट घालवलीस.” ते हसले, मोकळेपणाने. “कागद माझ्याकडेच आहेत. जाळलेले नाहीत, घाबरू नकोस. पुरावा दाखवायचा नसतो अंबादास, दाखवीन म्हणायचं असतं. हे कागद माझ्याकडे आहेत तोवर मंत्री माझ्याकडे आहे. दिवाळीत मंत्रिमंडळाचा विस्तार आहे. कळलं?”

“आणि धोंडू?”

“सुटेल रे. वर्ष, दीड वर्ष. कोर्टात टिकणार नाही ते. तोवर जरा कळ काढायची.”

“त्याची बायको रोज पायरीवर बसते.”

“मग तिला सांग, घरी बस.” आवाज बदलला. “किल्ली कोणाकडे होती? तुझ्याकडे. पिशवी कोण सोडून गेला? तू. दोन साक्षीदार आहेत. तू तोंड उघडलंस तर गठ्ठा तू विकलास असं ठरेल. मुलं किती तुला?”

“दोन.”

“बघ म्हणजे.”

घरी येऊन कमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “मालन पायरीवर बसती आणि तुम्ही खुर्चीवर. तीन आठवडे बघतेय मी. मला विचारायचंच होतं, तुम्हाला बसवतं कसं?”

७

सोमवारी पाच सप्टेंबरला हॉल भरला होता. पत्रकार, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते, सरकारी वकील. मागे मालन उभी. सह्या होण्याआधी एकच काम उरलं होतं. नियम असा की साक्षीदाराच्या सहीआधी त्याची साक्ष त्याला वाचून दाखवायची आणि विचारायचं, हे बरोबर आहे का, काही सुटलं का. कोणी ऐकत नाही. लोक तेवढ्यात तंबाखू मळून घेतात.

रुक्मिणी पुढे येऊन उभी राहिली. मी टंकलिखित प्रत बाजूला ठेवली आणि वही उघडली.

मी वाचत गेलो. गटारी कधी असते ते समितीला ठाऊक आहे. मुद्द्यावर या. वेळ थोडा आहे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग मी वाचलं, “अध्यक्ष: बाई, पहाटे साडेचारला तुमच्या मालकांना हातगाडीवर घालून—”

“ते वगळलेलं आहे!” बेंडे ओरडले.

“प्रतीतून वगळलंय, साहेब. वहीतून वगळायची सोय नियमात नाही.” मी रुक्मिणीकडे वळलो. “ताई, हे बरोबर आहे? काही सुटलं?”

“सुटला ना,” ती म्हणाली. “वार सुटलो. मटान आयतवारचा. आमी सोमवारी खातच नाय. हय बसलेल्या घरांतल्या कोणाक पण विचारा.”

मागून बायकांचा एकच कल्ला उठला. आयतवारी, रविवारी, आम्हीबी रविवारीच! महिनाभर ही घरं हेच सांगत होती, पण ज्याला विचारतात त्यालाच सांगता येतं आणि विचारलं कोणी नव्हतं.

डॉ. दाबके उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. “आठ ही तारीख मी कॅलेंडर पाहून घातली. कोणालाही न विचारता. ती चूक माझी आहे, आणि ती लिहून घ्यावी.” त्या दिवशी त्या हॉलमध्ये आपली चूक आपल्या तोंडाने कबूल करणारी तेवढी एकच अधिकारी होती.

“आणि मी,” माझ्या तोंडून निघालं, “सोमवारी धोंडूच्या दुकानातलं मटण खाल्लंय. माझ्या अख्ख्या घराने. हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

मग पहिल्या रांगेतल्या एका पत्रकाराने हात वर केला. “अध्यक्ष महाराज, केसपेपर सीलबंद होते. मग पहाटे साडेचार ही वेळ आपल्याला कळली कशी?”

मी बेंडेंकडे पाहिलं. आता हा माणूस कुठे जाईल?

तो कुठेही गेला नाही. त्याने शांतपणे पायाजवळची चामडी बॅग उचलली, टेबलावर ठेवली आणि त्यातून खाकी गठ्ठा काढून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

“कारण हे कागद माझ्याकडे आहेत! सरकार हे नष्ट करणार, अशी मला खात्रीलायक खबर होती. म्हणून चोर म्हणवून घेण्याची तयारी ठेवून मी हे जिवापाड जपले! आज योग्य क्षणी, जनतेसमोर, मी ते उघड करतो आहे!”

फोटो काढणारे धावले. कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या. कोणीतरी हारसुद्धा आणला, इतक्या लवकर हार कुठे मिळतात देव जाणे. माझ्या वहीत मी ते सगळं लिहून घेतलं, कारण तेच माझं काम.

८

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बेंडेंचा फोटो होता, डोक्यावर गठ्ठा. अहवालात आलं, ‘शीतगृहातील तांत्रिक बिघाडामुळे साठ्यावर परिणाम झाला असण्याची शक्यता’. मेकॅनिककडून मला नंतर कळलं की थंड खोली गटारीआधीच्या शुक्रवारीच बंद पडली होती; आणि तरीही रविवारची रांग चालू ठेवा असं कोणी सांगितलं, त्याचं नाव अहवालात नाही. मंत्र्यांचं खातं बदललं. दादूची बदली बोरिवलीला झाली. डॉ. दाबके बाईंना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. दिवाळीत मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि बेंडे पक्ष बदलून राज्यमंत्री झाले. मला अभिलेख शाखेत पाठवलं, तिथे कोणी बोलत नाही, त्यामुळे लिहायलाही काही नसतं.

रुक्मिणी एकदा रस्त्यात भेटली. “माज्या घोवाक कोणी मारल्यान, ता त्या कागदात लिवलास काय?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती पुढे निघून गेली.

धोंडू मात्र सुटला. त्या बैठकीनंतर अकराव्या दिवशी घरी आला, त्याच आठवड्यात दुकान उघडलं. दाढी वाढलेली, पण फळी धुतलेली, सुरे घासलेले. त्याच्या दुकानासमोरून लोक जायचे, रामराम करायचे. बिचाऱ्याला उगाच अडकवलं म्हणायचे. आणि मटण आणायला पलीकडच्या गल्लीत जायचे.

गणपती गेले, दसरा झाला, तरी तेच. एका रविवारी मी गेलो. मालन उठून उभी राहिली. धोंडूने मला हात जोडले आणि मांडीचा चांगला तुकडा काढून दिला. पैसे घेईना, मी जबरदस्तीने ठेवले. सगळी गल्ली बघत होती, आणि मला वाटलं, आता येतील लोक. साहेब घेऊन गेले म्हणजे येतील.

घरी कमलने पुडी उघडली. हीच बाई, जिने मला खुर्चीवरून उठवलं होतं. तिने तुकडा हातात घेतला, नाकाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला.

“ताजं आहे ना हो?” ती म्हणाली. “नाही, आपली पोरं आहेत म्हणून. तुम्ही बघा जरा.”

तिने तो माझ्यापुढे केला. या माणसाच्या मटणात काही नव्हतं हे अख्ख्या मुंबईत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मी ते खाल्लं होतं, मी ते शोधून काढलं होतं, मी ते भर हॉलमध्ये सांगितलं होतं.

मी वाकलो आणि वास घेतला.